तोडलेल्या झाडांची भिंत

किल्ल्यांचा धडा घेताना तट, बुरूज, खंदक फळ्यावर काढून होतात. मी शेवटी आणखी एक चित्र काढतो, आडव्या पाडलेल्या झाडांचं. बुंधा आपल्याकडे, शेंडा शत्रूकडे, आणि फांद्या तासून टोकदार केलेल्या. इंग्रजीत याला अ‍ॅबॅटिस म्हणतात. गावाकडच्या मुलांना जास्त सांगावं लागत नाही. शेतात गुरं शिरू नयेत म्हणून बाभळीच्या फांद्या आडव्या टाकतात ना, तेच मोठ्या प्रमाणावर. (आपल्या आज्ञापत्रात गडाभोवतीची झाडी तोडू नका, वाढवा असं सांगितलंय. तिथे उभी झाडं राखण करतात, इथे पाडलेली.)

"सर, पण हे ओलांडता येतंच की!" हा प्रश्न हमखास येतो. येतं ना. पण किती वेळात? फांद्यांत पाय अडकतो, कपडे अडकतात, रांग मोडते, आणि तेवढा वेळ समोरून गोळ्या चालू असतात. झाडं मारत नाहीत, नुसतं थांबवतात.

मग मी १७५८ सालची कॅरिलॉनची लढाई सांगतो. हा फ्रेंचांचा किल्ला आज अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात आहे. सेनापती माँकाल्मकडे साडेतीन हजारांच्या आसपास माणसं, चालून येणाऱ्या ब्रिटिश सेनापती अ‍ॅबरक्रॉम्बीकडे सुमारे सोळा हजार. फ्रेंचांनी किल्ल्याबाहेरच्या चढावर ओंडक्यांची भिंत रचली आणि पुढे झाडं पाडून ठेवली. मुख्य काम एका दिवसात, ७ जुलैला उरकलं!

अ‍ॅबरक्रॉम्बीजवळ तोफा होत्या. ओंडक्यांची भिंत तोफेपुढे टिकत नाही. पण तोफा मागे सरोवराकाठी होत्या, त्या ओढून आणायला वेळ लागला असता. फ्रेंचांना कुमक येईल ही धास्ती होती, आणि भिंत सरळ धडकेने घेता येईल असा अहवाल त्याच्या इंजिनिअरने दिला होता. ८ जुलैला दुपारपासून संध्याकाळपर्यंत पायदळ पुन्हा पुन्हा त्या फांद्यांत घुसत राहिलं. ब्रिटिशांकडचे सुमारे दोन हजार मेले किंवा जखमी झाले, फ्रेंचांकडचे चारशेच्या आसपास. ब्लॅक वॉच या स्कॉटिश पलटणीची निम्म्याहून जास्त माणसं त्यात गेली किंवा जखमी झाली.

नंतर वहीत प्रश्न देतो : 'फ्रेंच का जिंकले? कारणे लिहा.' बहुतेक मुलं 'झाडांमुळे' एवढंच लिहितात. मी अर्धाच गुण देतो.