लालीवर जाऊ नये

कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोला राहायचं म्हणजे उन्हाळाभर पीच खायचे. शनिवारच्या शेतकरी बाजारात टेबलं भरून मांडलेले असतात आणि नवखं गिऱ्हाईक लालभडक फळावरच हात टाकतं. मी लालीकडे बघत नाही. ती उन्हाची आणि जातीची. बघायचा तो देठाच्या खळीभोवतीचा रंग. तिथे हिरवट झाक असली तर फळ कोवळंच उतरवलंय, गर्द पिवळा असला तर उचलावं. मग नाकाशी धरायचं. अंगठा रोवायचा नाही, दाबलेली जागा काळी पडते.

कोकणातल्या माणसाला अढीचा भरवसा. आंबा हिरवा उतरवला तरी चालतो, कारण त्यात साठलेल्या पिष्टाची पिकताना साखर होते. पीचकडे ही शिल्लक नसते. घरी आणल्यावर तो मऊ होतो, आंबटपणा उतरतो, वास सुटतो, पण गोडी झाडावर भरली तेवढीच.

म्हणून घरी फारसं करण्यासारखं नसतं. कागदी पिशवीत एकावर एक न रचता ठेवायचे, घाई असेल तर सोबत एक केळं. पिकण्याआधी फ्रिज नको. २ ते ८ अंशांत कच्चा पीच बरेच दिवस राहिला, तर गर कोरडा, पिठूळ होतो आणि मग काही केल्या सुधारत नाही.

जवळच्या डेल रेचे शेतकरी-लेखक डेव्हिड मास मासुमोटो यांनी १९९५ मध्ये सनक्रेस्ट जातीच्या पीचवर अख्खं पुस्तक लिहिलं. चवीला उत्तम, पण लाली कमी आणि फार टिकत नाही, म्हणून व्यापाऱ्यांना तो नको होता. हा मिळाला तर मी तसाच खाते.

बाकीच्यांचं सासव. बुडाशी फुली मारून अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात, लगेच गार पाण्यात. साल अलगद सुटते. ओलं खोबरं, सुकी मिरची वाटून मोहरी शेवटी घालायची आणि मिक्सर एकदाच फिरवायचा, नाहीतर कडवटते. त्यात फोडी आणि गूळ.

पेटीत काही बेचव निघतातच. त्यांचा मेथांबा. कैरीला लागतो त्याच्या निम्मा गूळ पुरतो, आणि फोडी मोडायच्या आत गॅस बंद.