पाऊस लागला की डिश गप्प. मग अँटेना का गेला?

मंडळी, आपल्या चंदगड तालुक्यात पाऊस कसा लागतो हे मी सांगायला नको. झड लागली की आमच्या घरच्या डिशचं चित्र आधी चौकोन चौकोन होतं, मग पडद्यावर ‘सिग्नल नाही’. रिचार्ज मात्र पूर्ण महिन्याचा.

यामागं साधं विज्ञान आहे. उपग्रहाकडून डिशवर येणाऱ्या लहरी जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरच्या. दाट पावसात त्या शोषल्या जातात, विखुरतात. जमिनीवरच्या टॉवरवरून अँटेन्याला येणाऱ्या लहरी त्यापेक्षा कितीतरी लांब, अर्ध्या मीटरच्या आसपास. त्यांना पावसाचं फारसं काही वाटत नाही. त्यांना अडवतो तो डोंगर.

टॉवरवरून डिजिटल टीव्ही ही काही हवेतली गोष्ट नाही. दूरदर्शननं 2016 मध्ये 16 शहरांत तो सुरू केला. त्यात महाराष्ट्रातली शहरं दोनच: मुंबई आणि औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर. जुन्या ॲनालॉग पद्धतीत एका चॅनलच्या जागेत एकच चॅनल मावायचा. नव्या डीव्हीबी-टी2 पद्धतीत तेवढ्याच जागेत बरेच साधे, नाहीतर तीन-चार एचडी चॅनल बसतात. ब्रिटनमध्ये 2009-10 पासून लोक घरावरच्या अँटेन्यावर एचडी बघतायत.

आपल्याकडं काय झालं? देशभरातले ॲनालॉग ट्रान्समीटर टप्प्याटप्प्यानं बंद झाले, 2022 पर्यंत मोजकेच उरले. त्यांच्या जागी गावाकडं डिजिटल टॉवर आलाच नाही. डीडी फ्री डिश आहे म्हणे. आहे, आणि चांगली आहे. महिन्याला पैसे नाहीत, गरिबाला परवडते. पण शेवटी तीही डिशच! पाऊस तिलाही तोच.

कुणी म्हणेल, मोबाईल आहे की. पण लाईट जाऊन टॉवरची बॅटरी उतरली की मोबाईल कितपत चालतो, हे पारगड-तिलारीकडच्या माणसाला विचारा. 2019 आणि 2021 चा महापूर जिल्ह्यानं बघितलाय. कुठला रस्ता बंद, कुठं पाणी चढतंय, हे नेमकं पावसातच कळायला हवं. म्हणजे हा प्रश्न फक्त मालिका आणि मॅचचा नाही.

आता इंटरनेटशिवाय थेट मोबाईलवर टीव्ही पोचवायच्या चाचण्या दिल्ली, बंगळुरूत झाल्यात. त्यालाही जमिनीवरचे टॉवरच लागणार. डिजिटलमध्ये जुन्या टीव्हीसारख्या मुंग्या दिसत नाहीत. एक तर स्वच्छ चित्र, नाहीतर काहीच नाही. त्यामुळं आपल्या दरीखोऱ्यांना एक मोठा टॉवर पुरायचा नाही, जागोजागी छोटे ट्रान्समीटर लागतील, त्यांना बॅटरी लागेल. खर्च आहे, मान्य. पण नकाशा पुन्हा शहरं बघूनच काढला, तर आपण पुन्हा बाहेरच राहणार.

म्हणून आमदार-खासदारांना आत्ताच सांगूया, ग्रामसभेत ठराव करूया. पावसात तुमच्या गावात डिश किती वेळ बंद राहते? गावाचं नाव घालून खाली लिहा. निवेदनाला तीच यादी जोडू.