टायर वितळत का नाही?

छाणी जकातनाक्याच्या आसपास राहणाऱ्यांना टायरचं अप्रूप नाही. हायवे जवळ, ट्रकांची ये-जा सतत आणि पंक्चरच्या दुकानांबाहेर गुळगुळीत टायरांच्या थप्प्या. होळी आली की त्यातलाच एखादा आमच्या सोसायटीच्या होळीत येऊन पडतो. "पटकन पेटते," असं सांगतात.

माझ्या भाच्यानं विचारलं, "मावशी, प्लास्टिकची बादली वितळवून पुन्हा बादली होते, मग टायरचा टायर का नाही करत?" मी रसायनशास्त्र शिकवते, उत्तर देणं भागच होतं.

झाडाच्या चिकापासून मिळणारं कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट होतं, थंडीत कडक. त्याचे रेणू म्हणजे शिजवलेल्या शेवया: लांबलचक, एकमेकींवरून घसरणाऱ्या. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला आढळलं की गंधक मिसळून तापवलं की हा दोष जातो. आज कारखान्यात साधारण १५० अंशांवर हे काम होतं. गंधकाचं आठ अणूंचं कडं उघडतं आणि त्याचे छोटे तुकडे शेजारच्या रेणूंना जागोजागी टाके घालतात. शंभर भाग रबराला दोन-तीन भाग गंधक पुरे. तीस-चाळीस भाग घातलं, तर लवचिकपणा जाऊन टणक एबोनाइट तयार होतं. पंक्चरवाला कच्च्या रबराचा तुकडा ट्यूबवर ठेवून गरम प्रेसखाली दाबतो, तेव्हाही हेच टाके पडत असतात.

या टाक्यांमुळे रबर ताणलं तरी मूळ आकारात येतं. पण त्यांच्यामुळेच तापवल्यावर रेणू सुटे होत नाहीत. म्हणून टायर वितळत नाही, जळतो. जळताना त्यातल्या गंधकाचा सल्फर डायऑक्साइड होतो, सोबत काजळी आणि तेलकट धूर. आमच्या मजल्यावरच्या आजोबांना दमा आहे. होळीच्या रात्री सगळे खाली असतात आणि ते खिडक्या लावून घरात.

ज्या टायरचा सांगाडा शाबूत आहे, त्यावर नवं रबर चढवता येतं. बाकीच्यांचा भुगा करून तो रस्त्याच्या डांबरात मिसळतात. होळीला गोवऱ्या आणि सुकी लाकडं पुरेशी आहेत.

यंदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे भाचाच सांगणार आहे. गुजरातीत, म्हणजे सगळ्यांना कळेल. आजोबांना मी खाली खुर्ची ठेवायचं कबूल केलं आहे.