खजराण्याच्या दोन विहिरी

माळव्यात बुधवार हा गणपतीचा वार. आपल्या मराठी घरांत मंगळवार आणि चतुर्थी पाळण्याची रीत. पण पिढ्यान्‌पिढ्या इंदुरात काढल्यावर आम्हीही बुधवारी खजराण्याची वाट धरू लागलो. औरंगजेबाच्या काळी विध्वंसाच्या भयाने येथील मूर्ती विहिरीत दडविली होती. ती पुढे बाहेर काढली गेली आणि अहिल्यादेवींनी मंदिर उभारले, अशी परंपरा आहे.

गेल्या वैशाखात याच खजराण्यात आम्ही दुसरी एक विहीर पाहिली. तिचे तोंड अवघे सहा इंचांचे! नर्मदेचे पाणी १९७८ साली इंदुरास आले खरे, तरी उन्हाळ्यात आमच्या गल्लीला ते पुरेना. सर्वांनी वर्गणी काढून बोअर घेण्याचे ठरविले.

सायंकाळी दोन अवजड गाड्या आल्या. एकीवर उंच मनोरा, दुसरीवर कॉम्प्रेसर. दाबलेली हवा पोकळ पोलादी रॉडमधून खाली जाते, तेथील हॅमरला ठोके द्यावयास लावते आणि तीच हवा खडकाचा चुरा वर फेकते. काळी माती व मुरूम संपेपर्यंत भिंत ढासळू नये म्हणून केसिंगचा पाइप उतरविला. त्याखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हाचा काळा कातळ. तो आपल्या बळावर उभा राहतो. पाणी असलेच तर त्याच्या भेगांत आणि दोन थरांमधील सच्छिद्र भागात.

ती धडधड ऐकताना आम्हांस ‘सागर सम्राट’ आठवला. १९७४ च्या फेब्रुवारीत त्याने मुंबईजवळच्या समुद्रात तेल शोधले. तेथे दातेरी बिट फिरत फिरत खडक कापते. जड चिखलाचा प्रवाह त्यास थंड ठेवतो, चुरा वर आणतो आणि खालच्या तेलवायूचा दाबही आवरतो. पण छिद्र पाडले म्हणजे विहीर झाली, असे नव्हे. पोलादी नळ बसवून भोवती सिमेंट भरतात. तेलाच्या थरासमोर छोट्या स्फोटांनी नळास भोके पाडतात. आत तेल वाहणारी नळी सोडतात आणि मुखावर झडपांचा संच चढवितात. कोरडी निघालेली विहीरसुद्धा सिमेंटचे बूच मारल्यावाचून सोडीत नाहीत.

आमची विहीर ४८० फुटांवरही कोरडीच राहिली. पहाटे ठेकेदाराने केसिंग उपसून घेतले, तोंडावर पोते टाकून वर दगड ठेवला आणि तो निघून गेला. सकाळी पाहतो तो पोते बाजूस सारलेले आणि मुले खडे टाकून आवाज ऐकत बसलेली! आमच्या अंगावर काटा आला. ३० मार्च २०२३ रोजी, रामनवमीस, याच शहरातील बेलेश्वर महादेव मंदिरात जुन्या बावडीवरील फरशी कोसळून ३६ जीव गेले होते. उघड्या कूपनलिकांत मुले पडतात म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली निर्देश दिले आहेत : निरुपयोगी बोअर तळापासून जमिनीपर्यंत भरून काढावी.

‘पाणी नाही, आता आणखी खर्च कशाला?’ असा सूर निघाला. आम्ही कोणाशी वाद घातला नाही. मुरूम व मातीची गाडी मागविली आणि फावडे हाती घेतले. तासाभरात शेजारीही आले. दुपारपर्यंत भोक बुजले.

वर्गणी वाया गेली, हे खरे. परंतु त्या बुधवारी गणपतीपुढे उभे असताना मन निवांत होते. एका विहिरीने देव राखला, असे वाडवडील सांगत आले. दुसरीपासून मुले राखणे, एवढे तरी आमच्या हाती होते.