शिकस्त

मुलाने रास्पबेरी पाय घेतला, तेव्हा त्याला जोडायला एक जुनी टचस्क्रीन कुणाकडून तरी मिळाली. तिचा ड्रायव्हर लिनक्स कर्नलच्या 4.19 आवृत्तीसाठीच लिहिलेला. मग त्या कर्नलची जुनी सोर्स उतरवून माझ्या लॅपटॉपवर बिल्ड करायला आम्ही बापलेक बसलो. 'मेक' सुरू केलं आणि थोड्याच वेळात सगळं थांबलं. शेवटची ओळ होती, 'एरर 2'.

त्या दोनचा अर्थ शोधण्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली. अर्थ काहीच नव्हता. काम कुठेतरी फसलंय, एवढंच ती ओळ सांगते. मुलगा म्हणाला, "अब्बू, वर बघा ना, पहिली एरर कुठली ते." पण चार कामं एकदम चालल्यामुळे संदेशांची सरमिसळ झाली होती. 'जे4' काढून एकेक काम चालवलं, तेव्हा खरी ओळ सापडली: 'मल्टिपल डेफिनिशन ऑफ वायवायलॉक'.

कंपायलरची तक्रारच नव्हती. तो एकेक फाईल सुटी तपासतो, आणि दोन्ही फायली त्याच्या लेखी बिनचूक होत्या. अडवलं लिंकरने, सगळ्यांना जोडताना. एकच नाव दोघींनी आपलं म्हणून जाहीर केलेलं. जीसीसी पूर्वी अशी दोन नावं एकच मानून चालवून घ्यायचा. 2020 मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीपासून ही सवलत आपोआप मिळत नाही. डीटीसी-लेक्सर.एल या फाईलमध्ये त्या ओळीआधी 'एक्स्टर्न' लिहिलं, म्हणजे हे नाव दुसरीकडचं, इथे फक्त वापरतोय. बिल्ड पूर्ण झालं. (टचस्क्रीनवर चित्र उलटं येतं, ते अजून तसंच आहे.)

मला मात्र आमच्या उर्दू शाळेतली आठवीची एक मुलगी आठवत राहिली. 'शिकस्त करणे'चा वाक्यात उपयोग करा, या प्रश्नाला तिने लिहिलं होतं, 'सामन्यात आम्ही त्यांची शिकस्त केली.' मी लाल काट मारून शून्य दिलं. उर्दूत शिकस्त म्हणजे पराभव, मराठीत पराकाष्ठा. दोन्ही भाषा मीच शिकवतो, तरी काट मारताना वर जाऊन पाहिलं नाही.

तिचा निकाल केव्हाच लागून गेला होता, तो गुण देता आला नाही. दुसऱ्या दिवशी तो शब्द फळ्यावर दोन्ही लिप्यांत लिहिला आणि असे आणखी शब्द विचारले. तिनेच हात वर केला. "सर, राजीनामा. उर्दूत समझोत्याचा कागद, मराठीत नोकरी सोडण्याचा."