माळ्यावरची लोकर

गौरी-गणपती आटोपले, पावसानं जरा उसंत दिली, की माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली यायची. झाकण उघडताच डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर. पितृपंधरवड्यात नवी खरेदी नको, म्हणून आई, मोठी काकू आणि आत्या ते पंधरा दिवस घरातल्या लोकरीची मोजदाद करायच्या. नवं विणकाम सुरू व्हायचं ते घटस्थापनेला. सत्तरच्या दशकात पुण्यातल्या वाड्यांत वाढलेल्या आम्हा भावंडांना थंडीची चाहूल या ट्रंकेपासूनच लागे.

चटईवर वाटण्या व्हायच्या. अख्ख्या लड्या एकीकडे, अर्धे गुंडे डालड्याच्या डब्यात आणि मुठीएवढे उरलेसुरले तुकडे जुन्या उशीच्या अभ्र्यात. प्रत्येक रंग कुणाचा तरी होता: दादाचा मोरपंखी, आजोबांचा राखी. मग काकू वहीच्या शेवटच्या पानावर यादी लिहायची. आजोबांची कानटोपी, धाकट्याचा स्वेटर, आणि एका ओळीत नुसतं ‘पांढरी, ४ लड्या’. ती ओळ बाळंतविड्याची. बाळ जन्मण्याआधी आमच्याकडे त्याचं टोपडं कुणी उघडपणे विणत नसे, पण त्याची लोकर तेवढी आधीच बाजूला काढून ठेवलेली असे.

हिशेब पक्का लागायचा. मोठ्या माणसाच्या स्वेटरला ५० ग्रॅमच्या आठ-नऊ लड्या. क्रोशा लोकर जास्त खातो, म्हणून स्वेटर दोन सुयांवर. क्रोशाची सुई टोपडी, शाली, रुमालांसाठी. १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झालं, आणि पुढे वाड्यात पहिला टीव्ही आला तेव्हा काकूनं त्याच्यासाठी पांढऱ्या दोऱ्याचा, अननसाच्या विणीचा रुमाल केला. लड्या घ्यायच्या त्या एकदमच, वेष्टनावरचा लॉट नंबर जुळवून. एका वर्षी माझ्या स्वेटरला दोन लड्या कमी पडल्या, नंतर आणलेल्या दुसऱ्या लॉटच्या निघाल्या. डावी बाही फिकी दिसायला लागली. आईनं दोन्ही बाह्या उसवल्या आणि दोन्हींत फिके पट्टे घालून पुन्हा विणल्या. मला तो स्वेटर सगळ्यांत आवडायचा.

उसवणं हे मुलांचं काम. कुरळी झालेली लोकर पाटाभोवती गुंडाळायची, भिजवायची, सावलीत वाळवायची. सरळ झाली की एकानं दोन हात पुढे करून लडी ताणून बसायचं, दुसऱ्यानं गुंडा करायचा. हात भरून यायचे, पण खाली घेता येत नसत, आणि उठताही येत नसे. कुणाची बदली झाली, कुणाचं जमलेलं लग्न मोडलं, घरातल्या कितीतरी गोष्टी आम्ही तसंच बसून ऐकल्या.

ट्रंक आता माझ्याकडे आहे. काकूच्या वहीतली शेवटची ओळ: ‘तुकड्यांची शाल, चौकोन १४४’. तीन-तीन खांबांचे झुपके, कोपऱ्यात साखळ्या. त्यातले ६१ तिच्या हातचे. उरलेले आम्ही बहिणींनी वाटून घेतलेत, नागपूरला, बडोद्याला, मला इथे. मोरपंखी कमी पडतोय. तो रंग आता बाजारात शोधायचा नाही असं ठरलं. दादानं स्वतःहून आपला जुना मफलर पाठवून दिला. काल उसवला. पाटाभोवती गुंडाळून खिडकीशी ठेवलाय, अजून ओला आहे.