अशोकाचे चोळ राज्य

'सिव्हिलायझेशन ७' फेब्रुवारी २०२५ मध्ये आला. समीक्षकांनी चांगले गुण दिले, स्टीमवर मात्र खेळाडूंनी पार धुतला! विशेषतः मेनूंवरून, आणि ते रास्तच होतं.

मीही शनिवारी रात्री अशोकाला घेऊन मौर्य साम्राज्य उभं केलं. प्राचीन युग संपलं आणि गेम म्हणाला, आता दुसरी संस्कृती निवडा. चोळ निवडले. राजा अशोकच, प्रजा चोळ! डोकंच फिरलं. इतके तास खपून उभं केलेलं माझं राज्य असं परस्पर बदलायचं?

मग आठवलं, ऑफिसात 'जुनं काढून नवीन लिहू' म्हणणारा मीच. युजर कुरकुरले की 'होईल सवय' म्हणणाराही मीच.

असो. सोमवारी युजरच्या दोन जुन्या तक्रारी पुन्हा उघडणार आहे.